दस्तरखान : रुबार्ब म्हणजे रेवंदचिनी नव्हे



या महिन्यासाठी ठरवलेला विषय मी बाजूला ठेवला आहे, कारण आलेल्या पत्रांपैकी एका पत्राला लगेच उत्तर देणे गरजेचे वाटले. पत्र नाशिकरोडच्या एका भगिनीचे आहे. त्यांची लेक लग्नानंतर इंग्लंडात, यॉर्कशायर भागात राहते. तिथे ती ‘रुबार्ब’ नावाच्या वनस्पतीचे देठ आणि लिंबू घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या आंबटगोड वड्या करायला शिकली. तिने फोनवर त्या दाखवल्या, कृती पाठवली आणि ईदला माहेरी आले की आपण मिळून करू, असे सांगितले. आईने लगेच तयारी सुरू केली. धाकट्या मुलाने शब्दकोश उघडला, तर रुबार्बचा अर्थ निघाला रेवंदचिनी. ती तर काष्ठौषधीच्या दुकानात मिळते! त्यांनी दुकानदाराला पाव किलो काढून ठेवायला सांगितले आणि मला विचारले, “आपा, ही भिजवून घालायची की कुटून?”

भगिनी, भिजवूनही नाही आणि कुटूनही नाही. ती पुडी घरी आणूच नका. आता कारण सांगते आणि त्या वडीची चव आपल्या नाशिकच्या बाजारातून कशी मिळवायची तेही सांगते.

शब्द बरोबर, वस्तू वेगळी

शब्दकोश खोटे बोललेला नाही. रुबार्ब आणि रेवंदचिनी या एकाच कुळातल्या सख्ख्या बहिणी आहेत. पण खाल्ला जातो तो जमिनीवरचा रसाळ देठ, आणि दुकानात मिळते ती जमिनीखालची वाळवलेली मुळी. देठ आंबट असतो. मुळी कडू, तुरट आणि जुलाब करणारी असते. युनानी हकीम ती शतकानुशतके वापरत आले आहेत, इब्न सीनांच्या ‘अल-कानून’मध्येही तिचा उल्लेख आहे. पण हकीम ती मासा-रत्तीच्या हिशेबाने, माणसाची प्रकृती पाहून देतात. पाव किलो मुळी वड्यांत घालून सोळा जणांना वाटली, तर ईदचा दिवस कसा जाईल याची कल्पना करा. गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस त्या सोळांत असेल, तर गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहणार नाही.

आणखी एक सावधगिरी. त्याच दुकानात ‘उसारा-रेवंद’ नावाचा पिवळा डिंकही मिळतो. नाव जवळचे असले तरी तो वेगळ्याच झाडाचा आहे आणि त्याचा जुलाब मुळीपेक्षाही जालीम असतो. दुकानदाराने “हेही तेच” म्हटले तरी घेऊ नका.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून या शब्दाबद्दल थोडे सांगते. फारसीत या दोन वस्तूंसाठी दोन वेगळे शब्द आहेत. खायच्या देठाला ‘रीवास’ म्हणतात आणि औषधी मुळीला ‘रेवंद’. इराणमध्ये रीवास घालून मटणाचे आंबट सालन करतात. काबूलकडे त्याला ‘रवाश’ म्हणतात. कोवळे देठ सोलून, मीठ लावून कच्चेच खातात. बाबराने आपल्या आत्मचरित्रात काबूलच्या फळांची यादी दिली आहे, तिथे तिथल्या रुबार्बची तारीफ केली आहे. इंग्रजीत मात्र देठालाही रुबार्ब आणि मुळीलाही रुबार्बच. आपल्याकडे ताजा देठ कधी आलाच नाही, आली ती चीनकडून व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर वाळलेली मुळी. म्हणून नावात ‘चिनी’ राहिले. इंग्रजीतल्या एका शब्दासमोर आपल्या शब्दकोशाने आपल्याला माहीत असलेली एकच वस्तू लिहून टाकली, आणि रीवास वाटेतच हरवला.

वनस्पतीच्या बाबतीत म्हणून मी मुलांना सांगते की शब्दकोशातून नाव मिळाले की पुढचा प्रश्न विचारायचा: कोणता भाग? पान, देठ, फळ, बी की मूळ? बटाट्याचा कंद आपण रोज खातो, पण त्याची हिरवी फळे विषारी असतात. रुबार्बचेही तसेच आहे. देठ खायचा, मुळी औषधाची, आणि पाने तर अजिबात खायची नाहीत. पानांत ऑक्झॅलिक आम्ल आणि त्याचे क्षार खूप असतात, ती खाऊन विषबाधा होते. भगिनी, लेकीलाही हे आवर्जून सांगा. तिकडे बाजारात देठ बहुधा पाने काढूनच मिळतात, पण शेजारणीच्या परसातून आणले तर वरचे पान कापून फेकायचे, त्याची भाजी करायची नाही.

यॉर्कशायरचे देठ

तुमच्या लेकीचे सासर आहे तो भाग रुबार्बसाठी प्रसिद्ध आहे. वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या गावांमधल्या पट्ट्याला तिथे ‘रुबार्बचा त्रिकोण’ म्हणतात. हिवाळ्यात मुळांचे गड्डे शेतातून उचलून अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये लावतात. उजेड नसल्याने देठ कोवळे, गुलाबी आणि लांब वाढतात. उजेड लागू नये म्हणून तोडणीही मेणबत्तीच्या प्रकाशात करतात. आपल्या नाशिकच्या द्राक्षांना जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे या रुबार्बला २०१० साली युरोपात मिळाले.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. या शेतांना पूर्वीपासून लोकरीच्या गिरण्यांतला टाकाऊ कचरा खत म्हणून घालत. ब्रॅडफर्ड, ड्यूसबरी, बॅटली या गावांतल्या अशाच गिरण्यांत १९५० आणि ६० च्या दशकांत आपल्या उपखंडातून गेलेले कितीतरी मुस्लिम कामगार रात्रपाळी करत होते. आज त्यांची नातवंडे तिथल्या शाळांत शिकतात. म्हणजे लेकीच्या ताटातली ती वडी वाटते तितकी परकी नाही.

हे झाड नाशिकला लावता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. त्याला हिवाळाभर कडक थंडी लागते आणि उन्हाळा सौम्य लागतो. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात बातमी येते हे खरे, पण ती थंडी काही दिवसांची असते, दुपारी ऊन पडतेच, आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीजवळचा उन्हाळा. आपल्या देशात त्याचे भाऊबंद हिमालयात, काश्मीर-उत्तराखंडच्या उंच भागांत वाढतात. कुंडीवर पैसे घालवू नका.

आपल्या बाजारात काय आहे?

रुबार्बचा एक चुलतभाऊ मात्र आपल्या भाजीबाजारात रोज बसलेला असतो. तो म्हणजे चुका. हो, तोच आंबट चुका, ज्याचे आपण चुका-गोश्त करतो किंवा डाळ-शेंगदाणे घालून पातळ भाजी करतो. वनस्पतिशास्त्रात दोघांचे कूळ एक आणि दोघांच्या आंबटपणात ऑक्झॅलिक आम्लाचा वाटा आहे. मग वडीत चुका घालायचा का? चव जवळ जाईल, पण शिजल्यावर चुक्याचा रंग शेवाळी-तपकिरी होतो आणि पानांचा लगदा गोड पदार्थात बरा लागत नाही. चुका गोश्तातच राहू द्या.

रुबार्बकडून त्या वडीला तीन गोष्टी मिळतात. शिजल्यावर मऊ पण किंचित रेषाळ राहणारा गर, लिंबापेक्षा वेगळा आंबटपणा आणि गुलाबी रंग. पहिल्या दोन गोष्टी कैरी पूर्ण करते. रुबार्बमध्ये मॅलिक आम्ल असते, ते कैरीतही आहे. म्हणून लिंबाच्या टोकदार आंबटपणाखाली कैरीचा भरीव आंबटपणा बसतो आणि चवीला खोली येते. नुसत्या लिंबाची वडी एकसुरी लागते. तिसऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे रंगासाठी, कैरी शिजताना बिटाच्या दोन पातळ चकत्या टाकायच्या आणि नंतर काढून घ्यायच्या. बाजारचा रंग नको.

मे महिन्यात त्र्यंबक-इगतपुरीच्या रस्त्यावर आदिवासी बाया पानांच्या द्रोणात करवंदे विकतात. कच्ची, लालसर झाक आलेली करवंदे मिळाली तर तीही उत्तम. गंमत म्हणजे बेकरीतल्या केकवर आणि टुटीफ्रुटीबरोबर जी ‘चेरी’ दिसते, ती बहुतेक वेळा साखरेच्या पाकात मुरवून लाल रंगवलेले करवंदच असते. ते फळ आपण वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाने खात आलो आहोत. हिवाळ्यात लाल अंबाडीची बोंडे मिळाली तर त्यांच्या पाकळ्यांचा गरही चालतो, रंग तर रुबार्बपेक्षा सुंदर येतो.

लिंबू-कैरीच्या भाजलेल्या वड्या

(२० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोनी डबा, १६ वड्या)

*तळाच्या थरासाठी* : मैदा १५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, थंड लोणी किंवा बटर ११० ग्रॅम, चिमूटभर मीठ. बटर खारे असेल तर मीठ नको. तूप घ्यायचे तर ९० ग्रॅम पुरे, कारण तुपात पाणी नसते.

*कैरीच्या गरासाठी* : सोललेल्या कैरीच्या फोडी २०० ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, पाणी २ मोठे चमचे, बिटाच्या २ चकत्या.

*वरच्या थरासाठी* : अंडी ३, साखर १२५ ग्रॅम, मैदा २ मोठे चमचे, लिंबाचा रस ५० मिलिलिटर (रसाळ कागदी लिंबे असतील तर तीन-चार), दोन पिवळ्या लिंबांची किसलेली साल.

कैरी घट्ट आणि कोय न धरलेली घ्या. तोतापुरी कमी आंबट असते, ती घेतली तर साखर थोडी कमी करा. रायवळ कैरी जास्त आंबट आणि रेषाळ असते, या वडीला तीच जास्त शोभते.

१. फोडी, साखर, पाणी आणि बीट स्टीलच्या जाड भांड्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजवा. फोड दाबली की मोडली पाहिजे. बीट काढून टाका, गर घोटा आणि पूर्ण गार होऊ द्या. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात शिजवू नका. धातू उतरतो आणि चवही बिघडते.

२. तळाच्या थराचे सगळे जिन्नस बोटांच्या टोकांनी चोळा. ओल्या वाळूसारखे झाले की थांबा, कणकेसारखे मळू नका. मळले की थर चिवट होतो. डब्याला बटर पेपर लावा, कागद दोन बाजूंनी वर येऊ द्या. मिश्रण पसरून वाटीच्या बुडाने घट्ट दाबा, काट्याने टोचे मारा.

३. ओव्हन १७५ अंशांवर तापवून थर सुमारे २० मिनिटे भाजा. कडा सोनेरी झाल्या पाहिजेत.

४. तोवर अंडी आणि साखर हलक्या हाताने ढवळा, फेस काढू नका. फेस झाला की वर पांढरा पापुद्रा येतो. मैदा चाळून घाला. मग गार झालेला गर, लिंबाचा रस आणि साल घाला. सालीचा फक्त वरचा पिवळा भाग किसा. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ असते आणि खालचा पांढरा भाग लगेच कडवटपणा सोडतो.

५. तळाचा थर गरम असतानाच त्यावर हे मिश्रण ओता. गरम थराला टेकलेले अंडे लगेच बसते आणि रस खाली झिरपत नाही. ओव्हन १६० अंशांवर आणून २२ ते २५ मिनिटे भाजा. कडा बसलेल्या आणि मधला भाग डबा हलवल्यावर खरवसासारखा थरथरला पाहिजे. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवलात तर अंडे फाटते आणि वर भेगा पडतात.

६. डबा बाहेर काढून पूर्ण गार करा, मग तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा. वर पिठीसाखर भुरभुरायची ती वाढताना, आधी नाही. आधी घातली तर विरघळून जाते.

करवंदांची करायची असेल तर २०० ग्रॅम करवंदे चिरून बिया काढा. हाताला तेल लावून चिरा, म्हणजे चीक चिकटणार नाही. पाऊण वाटी पाण्यात दहा-बारा मिनिटे शिजवून चाळणीतून गर दाबून काढा, मग त्यात साखर मिसळा. बाकी कृती तीच. लेकीला मूळ रुबार्बची करायची असेल तर २०० ग्रॅम देठ बोटभर तुकडे करून साखरेबरोबर शिजवायला सांगा. पाणी नको, देठाला स्वतःचेच पुष्कळ पाणी सुटते. गर पातळ वाटला तर थोडा आटवून घ्यावा.

परदेशी कृतींत अशा थराला कधी जिलेटिन सांगतात आणि मग हलाल-हरामची शंका निघते. या वडीत त्याची गरज नाही, थर अंड्याने बसतो. व्हॅनिला इसेन्सही नको, लिंबाच्या सालीचा वास पुरेसा आहे.

घरात ओव्हन नसेल तर

बऱ्याच घरांत नाही, आणि त्यासाठी विकत घ्यायचीही गरज नाही. ईदच्या आधी नानखटाईचे सामान घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायची आपली जुनी पद्धत आहे. जुन्या नाशिकमध्ये असो की मालेगावात, पाव काढून झाल्यावर उरलेल्या धगीवर किती घरांचे पत्रे भाजून निघत! या वडीचा तळ म्हणजे सोडा न घातलेली, दाबलेली नानखटाईच आहे. तो भट्टीवर भाजून आणा. अंड्याचा थर मात्र भट्टीच्या भरवशावर सोडू नका. तिथली आच जास्त असते आणि आपल्या हाती नसते.

वरचा थर घरी गॅसवर करा. मैद्याऐवजी दोन सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घ्या. ते, साखर आणि अंडी जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात गुठळ्या न ठेवता एकजीव करा. गर आणि लिंबाचा रस घालून मंद आचेवर सतत ढवळा. ढवळणे थांबवलेत तर तळाला ऑम्लेट तयार होईल. मिश्रण दाट होऊन पहिले बुडबुडे आले की आणखी एक मिनिट ढवळून उतरवा, त्यात ५० ग्रॅम बटर आणि किसलेली साल मिसळा. भाजून आणलेल्या गार तळावर पसरून चार तास फ्रिजमध्ये ठेवा. चवीत फारसा फरक कळत नाही, आणि हा थर भाजलेल्यापेक्षा जास्त मऊसर लागतो.

थोडे हिशेबाचे

वर दिलेल्या मापात एकूण २५० ग्रॅम साखर आहे. १६ वड्या केल्या तर एका वडीत सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे. घरात मधुमेह असलेल्यांना आंबट लागते म्हणून “यात काय साखर असणार” असे वाटू शकते, त्यांना हा आकडा सांगा. मूतखड्याचा त्रास असलेल्यांना डॉक्टर ऑक्झॅलेटचे पदार्थ कमी करायला सांगतात, त्या यादीत खरा रुबार्ब बराच वर असतो. त्यांनी कैरीचीच वडी खावी. वड्या फ्रिजमध्ये तीन दिवस चांगल्या राहतात, बाहेर ठेवू नका, आत अंडे आहे.

उन्हाळ्यात लिंबाचे भाव कडाडतात. श्रीगोंद्याकडची लिंबे बाजारात भरपूर असतात तेव्हा रस काढून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा. कैरीचा गरही साखर घालून असाच महिनोन्‌महिने टिकतो. ईद कोणत्याही ऋतूत आली तरी सामान घरात असेल.

भगिनी, दुकानदाराला आजच फोन करून ती पुडी नको म्हणून सांगा. लेक आली की तिला तिकडच्या वडीची कृती सांगू द्या, आणि कैरी तुम्ही शिजवा. ती पहिला तुकडा खाऊन म्हणेल, “अम्मी, हे तसेच नाही लागत.” खरे आहे, तंतोतंत तसे लागणार नाही. कैरी ही कैरी आहे. पण जाताना तिच्या डब्यात चार वड्या जास्त ठेवा आणि कृती लिहून द्या, उर्दूत किंवा मराठीत, तिला जे सोपे वाटेल त्यात. कागदावर सगळ्यात वर लिहा: देठ घ्यायचा, पान टाकायचे, मुळी हकिमाची.

अल्लाह तुमच्या दस्तरखानात बरकत देवो.